झऱ्यावरचा सातबारा

८८ ते १००. हा टक्क्यांतला आकडा १९७९ साली ‘सायन्स’मध्ये छापून आला, आणि कीटकांच्या मिलनाकडे पाहण्याची अभ्यासकांची नजर त्याने बदलली. जोनाथन वागे हे संशोधक अमेरिकेतल्या ओढ्यांवर काळ्या पंखांच्या एका टाचणीचा अभ्यास करत होते. तिचे शास्त्रीय नाव कॅलॉप्टेरिक्स मॅक्युलाटा. मिलनाच्या वेळी नर आधी काय करतो, तर मादीच्या साठ्यात आधीच्या नराचे जे शुक्राणू असतील त्यांतले ८८ ते १०० टक्के उपसून बाहेर काढतो. मग आपले भरतो. त्याचा अवयव शुक्राणू सोडण्यासाठी आहे, तसाच खरवडून काढण्यासाठीही आहे.

टाचणी म्हणजे चतुराची सडपातळ बहीण. बसताना चतुर पंख आडवे पसरून ठेवतो, टाचणी बहुधा ते पाठीवर मिटून घेते. पावसाळा सरता सरता ओढ्याकाठी दोन्ही दिसतात, आणि गावाकडची पोरे दोन्हींना सरसकट हेलिकॉप्टर म्हणतात.

वरच्या आकड्याचा अर्थ सरळ आहे. अंडी घालण्यापूर्वी मादीला जो नर शेवटचा भेटला, तोच बहुतेक पिल्लांचा बाप. मग आधी किती माद्या मिळवल्या याला फारसे मोल उरत नाही. मादी अंडी घालायला जिथे येणार, तिथे त्या क्षणी आपण हजर असणे हे सगळ्यात मोलाचे. कॅलॉप्टेरिक्सच्या माद्या वाहत्या पाण्यात बुडालेल्या झाडपाल्यात अंडी घालतात, आणि असा झाडपाला ओढ्यात सगळीकडे नसतो. म्हणून पाण्याचा एखादा छोटासा पट्टा, त्यातली चार पाने आणि वर टेकायला एक काडी एवढ्यावर नर हक्क सांगतो आणि येणाऱ्या प्रत्येक नराला हुसकावून लावतो.

या हुसकावण्याचा खर्च किती, तो कशात मोजायचा आणि कोणाच्या हुकमाने होतो, हे पुढचे प्रश्न. तिन्हींची उत्तरे गेल्या काही दशकांत तुकड्यातुकड्यांनी मिळत गेली आहेत.

प्रथम झुंजीचा काळ पाहू. त्यासाठी टाचणी सोडून एका फुलपाखराकडे जावे लागेल. ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात निक डेव्हिस यांनी १९७८ साली ‘स्पेकल्ड वुड’ फुलपाखरांवर निरीक्षणे प्रसिद्ध केली. जंगलाच्या जमिनीवर उन्हाचे कवडसे पडतात, नर त्यांवर कब्जा करतो. कोणत्याही वेळी पाहिले तर सुमारे ६० टक्के नरांकडे कवडसा असे, बाकीचे वर झाडांच्या शेंड्यांत भटकत. कवडशात दुसरा नर आला की दोघे गिरक्या घेत वर जात आणि ३-४ सेकंदांत भांडण मिटे. आधीपासून बसलेला जिंके, आलेला निघून जाई. डेव्हिस यांनी मग एक खोडी काढली. दोन नरांना एकाच कवडशाचे मालक असल्यासारखे वाटेल अशी व्यवस्था केली. आता गिरक्या सरासरी दहापट लांबल्या.

वागे यांनाही १९८८ साली टाचण्यांत हाच प्रकार दिसला. बहुतेक तंटे झटकन मिटतात. चिघळतात ते दोघेही स्वतःला मालक समजत असतील तेव्हा. सातबाऱ्यावर दोघांची नावे लागली की काय होते, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायला नको.

डेव्हिस यांचा निष्कर्ष मात्र जसाच्या तसा टिकला नाही. ‘आधी बसलेला जिंकतो’ हा फुलपाखरांनी पाळलेला अलिखित नियम आहे, असे ते म्हणत होते. २००४ साली डॅरेल केम्प आणि क्रिस्टर विक्लुंड यांनी त्याच जातीवर काम करून दाखवले की मुळातच जे नर जास्त भांडखोर असतात, ते कवडशांवर साचत जातात. म्हणजे मालक जिंकतो असे नव्हे, जिंकणारा मालक होऊन बसलेला असतो. पाठ्यपुस्तकांत पहिली गोष्ट अजूनही जास्त आवडीने सांगितली जाते, कारण ती सुबक आहे.

आता खर्च. टाचणीच्या झुंजीत जखमा जवळपास होत नाहीत. दोघे समोरासमोर तरंगतात, एकमेकांभोवती फिरतात, पाठलाग करतात. साधा तंटा काही सेकंदांचा, चिघळलेला मिनिटांचा, क्वचित तासांचाही. जॉन मेनार्ड स्मिथ यांनी १९७४ साली अशा झुंजीचे गणित मांडले होते. त्यात प्रतिस्पर्ध्याला कोणी मारत नाही. जो आधी दमतो तो हरतो. शेताच्या बांधावरून चाललेला दिवाणी दावा आठवा. कुऱ्हाड कोणी उगारत नाही, तारखा पडत राहतात, आणि वकिलाची फी ज्याला आधी परवडेनाशी होते तो तडजोडीला येतो.

टाचणीच्या दाव्यात फी चरबीत भरावी लागते. जेम्स मार्डेन आणि वागे यांनी १९९० साली झुंजणाऱ्या नरांच्या जोड्या पकडून त्यांच्या शरीरातली चरबी मोजली. चिघळलेल्या झुंजीत जिंकणाऱ्याकडे हरणाऱ्यापेक्षा चरबी जास्त होती. आकार किंवा स्नायूंचे बळ यांनी निकालाचा उलगडा तितका होत नव्हता.

चरबीच का, याला साधे कारण आहे. एक ग्रॅम चरबीत सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा असते, एक ग्रॅम साखरेत सुमारे ४. उडणाऱ्या प्राण्याला वजन जड जाते, म्हणून साठा चरबीत करणे फायद्याचे. आणि उडणे किती महाग? कीटकांच्या उड्डाणात ऊर्जेचा वापर विश्रांतीच्या ५० ते १०० पटींपर्यंत जातो. माणसातला कसलेला धावपटू जीव तोडून धावला तरी जेमतेम २० पटींपर्यंत पोचतो. ढोबळ गणित करू. ५० पट धरले तर एक तासाची झुंज म्हणजे ५० तास काडीवर नुसते बसून राहण्याचा खर्च, म्हणजे दोन दिवसांहून अधिक. १०० पट धरले तर चार दिवसांहून अधिक. पाण्याखाली अळीच्या रूपात एक-दोन वर्षे काढून बाहेर आलेल्या या कीटकाच्या हातात प्रौढ आयुष्य म्हणून उरतात ते काही आठवडे. शिवाय राखण करत बसले की शिकारीला वेळ कमी. जमा घटते आणि खर्च वाढतो, दोन्ही एकदम.

एक गोष्ट अशा आकड्यांबद्दल लक्षात ठेवायला हवी, आणि ती लेखांच्या सारांशात सहसा येत नाही. कीटकाची चरबी मोजायची तर तो मारावा लागतो. वाळवून वजन करायचे, द्रावकात चरबी विरघळवायची, पुन्हा वजन करायचे, आणि मधला फरक ती चरबी. त्यामुळे एकाच नराच्या चरबीचा रोजचा आलेख कधी मिळत नाही. मिळतात ती वेगवेगळ्या नरांची एकेका क्षणाची छायाचित्रे, आणि त्यांवरून चित्रपट रचायचा असतो.

इथवर झाला खर्च. तिजोरीची किल्ली कोणाकडे, हा संप्रेरकांचा भाग.

पक्ष्यांत आणि सस्तन प्राण्यांत हद्दीची भांडणे म्हटली की टेस्टोस्टेरॉनचे नाव येते. जॉन विंगफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९९० साली पक्ष्यांबद्दल मांडले की आव्हान समोर आले की हे संप्रेरक चढते, एरवी ते खाली ठेवलेले बरे, कारण चढते ठेवणे महागात पडते. कीटकांचा कारभार टेस्टोस्टेरॉनवर चालत नाही. हद्दीच्या भांडणांत त्यांच्याकडे ती जागा बऱ्याच अंशी ‘जुव्हेनाइल हार्मोन’ घेते. मराठीत त्याला बाल-संप्रेरक म्हणता येईल. मेंदूच्या मागे असलेल्या कॉर्पोरा अलाटा या ग्रंथींच्या जोडीत ते तयार होते. बहुतेक कीटकांत आढळणाऱ्या त्याच्या प्रकाराचे सूत्र शब्दांत सांगायचे तर कार्बनचे १६, हायड्रोजनचे २६ आणि ऑक्सिजनचे ३ अणू. रेणुभार सुमारे २६६, म्हणजे पाण्याच्या रेणूच्या जेमतेम पंधरापट.

नाव मात्र फसवे आहे. १९३०च्या दशकात व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी दक्षिण अमेरिकेतल्या रक्तपिपासू ढेकणावर प्रयोग केले. डोके कापले तरी हा ढेकूण अनेक महिने जगतो, त्यामुळे डोक्यातून काय झरते ते तपासणे सोपे जाते. एका ग्रंथीतून झरणारा पदार्थ पिल्लाला प्रौढ होऊ देत नाही, असे त्यांना आढळले. म्हणून ‘बाल’. या संप्रेरकाची सगळ्यात गमतीची कथा १९६५ची आहे. कॅरेल स्लामा यांनी प्रागहून हार्वर्डला ढेकणांची एक जात नेली. पाच अवस्थांनंतर त्यांनी प्रौढ व्हायला हवे होते, तिथे ते सहाव्या अवस्थेत गेले आणि काही केल्या मोठे होईनात. शेवटी दोष निघाला डब्यात अंथरलेल्या कागदाचा. अमेरिकी कागद बालसम फर झाडापासून बनत होता आणि त्या झाडात या संप्रेरकासारखे काम करणारे द्रव्य असते. स्लामा आणि कॅरोल विल्यम्स यांनी मग वर्तमानपत्रांचे तुकडे तपासले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’वर वाढलेले ढेकूण बालच राहिले, लंडनच्या ‘टाइम्स’वर वाढलेले रीतसर प्रौढ झाले. रेशीम उत्पादकांच्या दृष्टीनेही या द्रव्याला महत्त्व आहे. रेशीमकिड्याला शेवटच्या, पाचव्या अवस्थेत त्याची अत्यल्प मात्रा दिली तर अळी थोडे जास्त दिवस पाला खाते आणि कोश जड होतो.

पण कीटक प्रौढ झाला की हेच संप्रेरक दुसरी नोकरी धरते. माद्यांत अंड्यांच्या वाढीशी त्याचा संबंध येतो, नरांत मिलनाशी आणि भांडणाशी. २००९ साली मेक्सिकोचे होर्हे कॉन्ट्रेरास-गार्दुन्यो आणि अॅलेक्स कॉर्दोबा-अगिलार, आणि त्यांच्यासोबत स्पेनचे अदोल्फो कोर्देरो रिव्हेरा व इतर यांनी ‘फंक्शनल इकॉलॉजी’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कीटक होता कॅलॉप्टेरिक्स व्हर्गो ही युरोपातली गडद पंखांची टाचणी. काही नरांना बाल-संप्रेरकासारखे काम करणारे रसायन दिले, काहींना ते नसलेले नुसते द्रावक. संप्रेरक मिळालेले नर जास्त आक्रमक झाले आणि हद्दीवर जास्त वेळ टिकले. त्याच नरांत फिनॉलऑक्सिडेज या विकराची क्रिया मात्र घटली.

या प्रयोगात मला आकड्यांपेक्षा दिशा मोलाची वाटते. एकच घुंडी फिरवली, एक काटा वर गेला आणि दुसरा खाली आला. आधीच्या अभ्यासांत फक्त इतकेच दिसे की भांडणारे नर झिजलेले असतात. झिजल्यामुळे हरतात की भांडल्यामुळे झिजतात, हे सांगता येत नसे.

फिनॉलऑक्सिडेजला एवढे महत्त्व कशासाठी? कीटकांना आपल्यासारख्या प्रतिपिंडांची सोय नाही. शरीरात परजीवी शिरला की पेशी त्याला वेढतात आणि त्याच्याभोवती मेलॅनिनचे काळे कवच चढवून त्याला कोंडून मारतात. ते मेलॅनिन बनवण्यात हे विकर कळीचे. चिरलेले वांगे पाण्यात टाकायला विसरले की काळे पडते, तिथेही विकरांचे काम याच धर्तीचे असते. ज्या टायरोसिनपासून हे कवच बनते, त्याच कच्च्या मालापासून कॅलॉप्टेरिक्सच्या पंखांवरचा गडद रंगही बनतो. माइक सिवा-जोथी यांनी २००० साली दाखवले की ज्या नरांच्या पंखांवरचा रंग जास्त गडद आणि एकसारखा, त्यांची परजीवीविरुद्धची तयारीही चांगली असते. पंख हा त्यामुळे एक प्रकारचा ताळेबंद ठरतो, आणि तो समोरचा नर वाचू शकतो.

१९९२ साली इव्हार फोल्स्टाड आणि अँड्र्यू कार्टर यांनी टेस्टोस्टेरॉनबद्दल जो तर्क मांडला होता, तो कीटकांत असा उतरला. मिरवायला लावणारे संप्रेरकच प्रतिकारशक्ती दाबत असेल, तर खोटे मिरवणे परवडत नाही. पिठातल्या किड्यावर, म्हणजे टेनेब्रिओ मॉलिटर या भुंग्यावर, दोन प्रयोगांनी याला आधार दिला. येन्स रोल्फ आणि सिवा-जोथी यांना २००२ साली आढळले की मिलनानंतर नर-मादी दोघांतही फिनॉलऑक्सिडेज उतरते आणि त्यामागे बाल-संप्रेरक आहे. पुढच्याच वर्षी मार्कुस रांताला आणि सहकाऱ्यांनी नरांना हे संप्रेरक टोचले. त्यांचा गंध माद्यांना जास्त आवडू लागला आणि त्यांचा प्रतिकार ढासळला. हद्दीचा इथे प्रश्न नव्हता, पण घुंडी तीच.

माझी एक शंका इथे नोंदवतो. बाहेरून दिलेली मात्रा आणि ओढ्यावरच्या नराच्या रक्तात एरवी चढणारी-उतरणारी पातळी यांत अंतर असू शकते. एका दमात दिलेले रसायन हे नळ पूर्ण सोडण्यासारखे आहे, निसर्गात तोटी थेंबाथेंबाने फिरत असेल. प्रयोग दिशा पक्की सांगतो. रोजचा भाव तो सांगत नाही.

काही तासांच्या, काही मिनिटांच्या खर्चाचा कारभार मात्र दुसऱ्याच द्रव्यांकडे असतो, आणि तो खुलासा रातकिड्यांनी केला. भांडताना रातकिड्याच्या रक्तात ऑक्टोपामिन चढते, आपल्या अॅड्रेनॅलिनचे काम तिथे ते करते. चरबीचे कोठार उघडण्यासाठी कीटकांकडे आणखी एक संप्रेरक असते. टोळांत १९७६ साली ओळखलेले ते म्हणजे दहा अमिनो आम्लांची एक छोटी साखळी. कोठारातून निघालेली चरबी रक्तातून वाहून न्यायला गाडी लागते, आणि त्या गाडीचा एक भाग म्हणजे ‘अॅपोलायपोफोरिन तीन’ हे प्रथिन. गोम अशी की हेच प्रथिन एरवी रक्तात जंतूंवर पहारा देण्याच्या कामी असते. कॅनडातल्या शेली अॅडॅमो आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवले की रातकिडा उडाला की हे प्रथिन पहारा सोडून हमालीला लागते. त्याआधी त्यांच्याच प्रयोगांत दिसले होते की उड्डाणानंतर काही काळ रातकिडे सेराशिया जिवाणूंपुढे जास्त सहज बळी पडतात. गावात पोलीस चार आणि निवडणुकीचा बंदोबस्तही त्यांच्याकडेच, तर त्या दिवशी चोरांचे फावते. फुकटात दोन्ही कामे होत नाहीत, एवढाच या प्रथिनाचा धडा नाही. खर्च नेमका कुठल्या जागी होतो हे त्याने बोट ठेवून दाखवले.

बाहेरून रंग चढवून खर्च चुकवता येतो का? ग्रेगरी ग्रेदर यांनी हे करून पाहिले. अमेरिकेतल्या ‘रुबीस्पॉट’ टाचणीच्या नराच्या पंखांवर लाल ठिपका असतो. त्यांनी तो रंगवून मोठा केला. १९९६ साली छापलेल्या त्यांच्या निरीक्षणांत निसर्गतः मोठा ठिपका असलेले नर चांगले जगत होते, रंगवून मोठा केलेले मात्र लवकर मरत होते. माझे वाचन असे की ठिपका वाढला तशी भांडणेही वाढली असावीत, आणि आतली चरबी होती तेवढीच राहिली. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, इथे पाय दुसऱ्याने ओढून लांब केले होते.

हा सगळा खर्च टाळणारेही आहेत. जपानमध्ये म्नाइस कोस्टालिस नावाच्या टाचणीत नर दोन प्रकारचे जन्मतात. नारिंगी पंखांचे हद्द राखतात. पारदर्शक पंखांचे, दिसायला मादीसारखे, कधीच हद्द राखत नाहीत, आजूबाजूला दबा धरून संधी साधतात. रोजच्या मिलनांत नारिंगी नर पुढे असतात, पारदर्शक पंखांचे नर जास्त जगतात. स्टुअर्ट प्लेस्टो आणि योशिताका त्सुबाकी यांनी २००० साली आयुष्यभराचा हिशेब मांडला, तेव्हा दोघांची बेरीज जवळपास सारखी आली. रोजचा धंदा मोठा आणि दुकान लवकर बंद, किंवा धंदा छोटा आणि दुकान बरेच दिवस चालू. दोन्ही चालतात, म्हणून दोन्ही टिकले.

याच कुळातली एक टाचणी सह्याद्रीतल्या झऱ्यांवर दिसते, न्यूरोबेसिस चायनेन्सिस. लिनियसने १७५८ साली तिला नाव दिले. नराचे मागचे पंख पाचूसारखे चमकतात. तो हिरवा रंग रंगद्रव्याचा नाही, पंखातल्या अतिसूक्ष्म थरांवर प्रकाश परततो त्याचा तो खेळ आहे, हे २००४ साली तपशीलवार मोजले गेले. नर काडीवर बसलेला असतो तेव्हा पंख मिटलेले, काही विशेष दिसत नाही. मादी जवळ आली की तो पंख उघडतो, पाण्यावर उतरतो आणि क्षणभर तरंगतो. मागे वळून पाहावे तर दुसरा नर आलेला असतो आणि पहिला उठून त्याच्यामागे गेलेला असतो. एका सकाळी किती वेळा उठतो हे मोजत बसायचा मोह आवरत नाही, आणि मोजताना मनात पाढा सुरू होतो, पन्नास पट, शंभर पट.

चरबी संपली की पुढे काय होते, हे युरोपातल्या कॅलॉप्टेरिक्स स्प्लेंडेन्सवर प्लेस्टो आणि सिवा-जोथी यांनी १९९६ साली सांगितले. हद्द गमावलेल्या नरांकडे चरबी फार कमी उरलेली होती. अशा नराला नव्याने हद्द मिळवणे अवघड. तो दुसऱ्यांच्या हद्दींच्या कडेकडेने फिरतो, मालकाची पाठ वळायची वाट पाहतो, अंडी घालायला आलेली एखादी मादी एकटी सापडते का ते पाहतो. सापडलीच, तर ८८ ते १०० टक्के उपसून काढणारे हत्यार त्याच्याकडेही अजून आहेच.